गाडीतलं बोलणं

लष्कर, ग्वाल्हेर
१२ डिसेंबर २०२४

श्री. श्रीपादराव यांना जयसिंहरावांचा नमस्कार.

गाडी नाशिकला सुखरूप उतरली, हे गरिमानं कळवलं. आनंद झाला. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो, असं आपल्या नव्या सूनबाईंचं, म्हणजे माझ्याच मुलीचं, म्हणणं आहे. व्याह्यांशी निदान वर्षभर फोनवर बोलायचं नाही, अशी ताकीद देऊनच ती सासरी गेली. म्हणून पत्र.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात उभ्या असलेल्या स्टँडर्ड हेराल्डवर हात ठेवून आपण म्हणालात, "काय सुरेख गाडी आहे हो!" मी म्हणालो, "आपलीच आहे." आपण माझे दोन्ही हात धरलेत आणि आपले डोळे भरून आले. पुढच्याच आठवड्यात आपला ट्रक दारात हजर! एवढी तत्परता मी जन्मात पाहिली नाही. आपण किमतीचा विषय काढलात तेव्हा मी जरा जोरात बोललो असेन, तर राग मानू नये. मुलीच्या सासऱ्याला कुणी गाडी विकतं का? ट्रक आला तेव्हा मी घरी नव्हतो. बँकेत काम निघालं होतं.

आता कामाचं. सकाळी इंजिन गार असताना चोक पूर्ण ओढायचा, पण गाडी सुरू झाली की लगेच अर्धा आत ढकलायचा. विसरलात तर गुदमरते आणि मग बराच वेळ रुसून बसते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार जरासं उचलून लावायचं, आपटायचं नाही. बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं, ते दोन्ही हातांनी आणि हळू. पावसात पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी येतं, तिथं जुना टॉवेल ठेवायचा. टॉवेल डिकीत आहे. तो गाडीचाच आहे, परत पाठवू नये.

आमच्याकडे सर्व खुशाल. गरिमाच्या आईसाहेबही ठीक आहेत.

आपला,
जयसिंहराव

ता. क. गाडीला आम्ही आकाशी म्हणतो. रंगावरून. आपण काय वाटेल ते म्हणा.


५ जानेवारी २०२५

श्रीपादराव,

आपलं पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे. उगाच नाही आपण इतकी वर्षं शाळेत फळ्यावर लिहिलंत.

आपले वडील सिन्नरला डॉक्टर होते, त्यांच्याकडे अशीच हेराल्ड होती, हिरव्या रंगाची. आपल्याला आई नव्हती, म्हणून गावोगावच्या पेशंटांकडे जाताना ते आपल्याला मागच्या सीटवर झोपवून न्यायचे. ते गेले आणि काकांनी गाडी परस्पर विकून टाकली. हे सगळं वाचलं. मग पुन्हा वाचलं. आमच्या अंगणात आपण रडलात ते मला त्या दिवशी जरा जास्त वाटलं होतं. आता वाटत नाही. गाडीला वासही तोच आहे, असं आपण लिहिता. रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि कसला तरी तिसरा. तो तिसरा मलाही इतक्या वर्षांत ओळखता आला नाही.

मात्र सीटना आपण प्लॅस्टिकची कव्हरं घातलीत, असं कानावर आलं. उन्हाळ्यात बसून बघा म्हणजे कळेल. असो. आपली गाडी आहे, मी कोण सांगणारा?

लोक मला विचारायचे, या डबड्यात तुम्ही पाहिलंत तरी काय? अँबॅसेडर हिच्याहून मोठी, फियाट हिच्याहून काटक. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी हेराल्ड एका दमात उलटी वळते, बाकीच्यांना मागं-पुढं करत बसावं लागतं. मी मिलच्या ऑफिसात होतो तेव्हा रोज हिच्यातून बिर्लानगरला जायचो. हजीऱ्याच्या चौकातला ट्रॅफिकचा शिपाई सलाम ठोकायचा. मला बरीच वर्षं वाटायचं, मलाच ठोकतो. एकदा सायकलवरून गेलो, तर त्यानं ओळखही दाखवली नाही.

परवा माझे चुलतभाऊ मानसिंगराव आले होते. रिकामं अंगण बघून म्हणाले, "जयसिंग, सच में दे दी क्या?" आणि हसत सुटले. हसता हसता खोकला लागला तरी थांबेनात. का हसले ते आपल्याला कळायचं नाही आणि मी सांगणारही नाही.

गरिमाच्या आईसाहेब हल्ली जरा गप्प असतात. इकडे थंडी फार आहे.

आपला,
जयसिंहराव


२४ जानेवारी २०२५

श्रीपादराव,

हिरवा?

आकाशीला हिरवा रंग देणार म्हणता? पेंटरकडून नमुनेसुद्धा आणलेत? आणि वर मलाच विचारता, गडद बरा की पोपटी?

आता ऐकाच. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठा घरांत पाहुण्यानं एखाद्या वस्तूची तारीफ केली की यजमानानं "आपलीच आहे" म्हणायचं असतं. मग पाहुण्यानं "छे छे, आपल्यापाशीच शोभते" म्हणायचं असतं. दोघंही खूश होतात, चहा येतो आणि वस्तू जागची हलत नाही. मानसिंगरावांनी भिंतीवरची बंदूक आजवर अर्ध्या शहराला देऊन टाकली आहे. ती अजून भिंतीवरच आहे. आमच्या आबासाहेबांनी तर राहतं घर एका कलेक्टरला दिलं, तो बदलून गेला तेव्हा पुढच्यालाही दिलं. कुणी ट्रक घेऊन आलं नाही! आपण पहिले!

शब्द गेला तो गेला. गाडी आपली. पण तिला हिरवी केलीत तर मी नाशिकला येईन. येऊन काय करीन ते आत्ता सुचत नाही, पण येईन.

जयसिंहराव


१६ फेब्रुवारी २०२५

श्रीपादराव,

मागचं पत्र रागात लिहिलं आणि राग उतरायच्या आत टपालात टाकलं. माझी ही जुनी खोड आहे. गरिमाचा फोन आला. "बाबासाहेब, क्या लिख दिया आपने उनको? इथले बाबा दोन दिवसांपासून गाडीकडे फिरकले नाहीत. ढंग से खाना भी नहीं खाया." असं म्हणून ती रडली. मुलगी सासरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांत तिला बापामुळं रडावं लागलं, याची मला लाज वाटते.

मग आपलं पत्र आलं. गैरसमजाबद्दल क्षमा असावी, ट्रक ठरवला आहे, गाडी लगेच परत पाठवतो, असं आपण लिहिता.

ट्रक रद्द करा. दिलेली वस्तू आम्ही परत घेत नाही. मानसिंगरावांना कळलं तर ते हसून हसून जीव सोडतील आणि ते पाप आपल्या दोघांच्या माथी येईल. शिवाय चूक आपली नाहीच. मी बोललो ते आपण खरं मानलंत, एवढाच आपला गुन्हा.

मात्र त्या पत्राच्या तळाशी आपण एक प्रश्न विचारला आहे: "परत पाठवण्यापूर्वी एकच कुतूहल. मागच्या काचांवर पितळेच्या सळ्या कशासाठी?" गाडी हातची चालली असताना जो माणूस सळ्यांची चौकशी करतो, त्याला उत्तर द्यायलाच हवं.

त्या पडद्यांच्या सळ्या. आमचं लग्न झालं तेव्हा आमच्या घरच्या सुना पडद्याशिवाय बाहेर पडत नसत. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. घर माणसांनी गजबजलेलं आणि आमच्या खोलीच्या भिंतीला लागून माझ्या आईचा पलंग. तिची झोप सावध. कुमुदिनी लग्न होऊन आली आणि कितीतरी दिवस मला तिचा आवाज ठाऊक नव्हता. खोटं वाटेल, पण खरं आहे.

मग देवदर्शनाच्या नावाखाली आम्ही गाडीतून बाहेर पडू लागलो. मी पुढं, ती मागं पडद्याआड. फुलबाग ओलांडली की मी गाडी थांबवायचो. दोनच दारांची गाडी. मागच्याला उतरायचं तर पुढची सीट वाकवावी लागते. ती डोक्यावरचा पदर सावरत, वाकून बाहेर यायची आणि पुढं माझ्या शेजारी येऊन बसायची. लग्नानंतर ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते तिथं. "आपण गाडी फार जोरात चालवता."

तेव्हापासून आमचं बोलणं गाडीतच. तिघरा धरणापर्यंत जायचं आणि यायचं. गरिमा होणार हे तिनं मला धरणाच्या वाटेवर सांगितलं. मिल बंद पडली हे मी तिला त्याच वाटेवर सांगितलं. मी रडलो ते तिनं पाहिलं नाही, कारण गाडीत दोघांनीही समोर बघायचं असतं. पुढं वडीलधारे एकेक करून गेले, पडदे निघाले, सवय तेवढी राहिली. काही ठरवायचं असलं की ती म्हणायची, "तिघऱ्याला जाऊन येऊ." मी समजायचो आणि किल्ली घ्यायचो.

आता घरात आम्ही दोघंच आहोत. बोलायला कुणाची बंदी नाही. परवा मी म्हणालो, "थंडी कमी झाली." ती म्हणाली, "हो." मग आम्ही टीव्हीकडे बघत बसलो. टीव्ही बंद होता. एकदा टॅक्सीही करून पाहिली. ड्रायव्हरच्या पाठीमागं बसून ती धरणापर्यंत अवाक्षर बोलली नाही. ड्रायव्हरच बोलला, तोही फोनवर.

आणखी एक. ट्रक आला त्या दिवशी मी बँकेत नव्हतो. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीआड उभा होतो. कुमुदिनी मात्र दारात उभी राहून ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत होती. आत आल्यावर मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं आपल्याला का लिहितोय कोण जाणे. गाडी ठेवा. तिच्यावर जीव असलेल्या माणसाकडे ती आहे, हे पुष्कळ झालं. हिरवा रंग द्यायचाच असेल तर द्या. फक्त मला फोटो पाठवू नका.

आपला,
जयसिंहराव


८ मार्च २०२५

श्रीपादराव,

आपलं पत्र काल दुपारी आलं. रंगाचे नमुने पेंटरला परत केलेत आणि आकाशी आकाशीच राहणार, हे वाचून बरं वाटलं. मग शेवटच्या ओळीवर आलो. "वहिनींच्या ऑपरेशनची तारीख ठरली का? पद्माला फार काळजी लागून राहिली आहे."

कसलं ऑपरेशन?

आपण मनाला लावून घेऊ नका. नवऱ्यालाच ठाऊक नसेल, असं कुणाच्या मनात येईल?

पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. कुमुदिनी मेथी निवडत होती. मी ती ओळ तिच्यापुढं धरली. तिनं वाचली, पदराला हात पुसले आणि पुन्हा मेथी हातात घेतली.

"गाठ आहे," ती म्हणाली. "छातीत. गरिमा गेल्यावर हाताला लागली. शेजारच्या विजयाबाईंबरोबर कंपूतल्या इस्पितळात जाऊन सगळ्या तपासण्या करून आले. काढावी लागेल म्हणतात."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगणारच होते."

"मग?"

"कुठं सांगू?"

मी म्हणालो, कुठं म्हणजे काय, इथं, घरात! तिनं मेथी बाजूला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "या घरात मी आपल्याशी कधी बोललेच नाही हो. रोज ठरवते. आपण पेपर वाचत असता, मी दारापर्यंत येते, आणि तोंडातून निघतं, चहा ठेवू का?"

मला आठवलं. या महिन्या-दोन महिन्यांत मला फार चहा मिळाला. मला वाटत होतं, थंडी आहे म्हणून.

गरिमाला तिनं फोनवर सांगितलं होतं आणि "बाबासाहेबांना मीच सांगेन" म्हणून शपथ घातली होती. गरिमानं आपल्याला सांगितलं. माझ्या घरातली बातमी मला नाशिकहून कळली. मला संताप आला. आधी कुमुदिनीचा, मग गरिमाचा, मग आपला, मग त्या ट्रकवाल्याचा. सगळ्यांवर रागावून झालं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी अंगणात मी मोठ्या ऐटीत "आपलीच आहे" म्हणालो, तेव्हा कुमुदिनी मागं चहाचा ट्रे घेऊन उभी होती. गाडी माझ्या एकट्याची नव्हतीच. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

आज मी एकटाच डॉक्टरांना भेटून आलो. ते म्हणतात, वेळ गेलेली नाही, पण याच महिन्यात उरकायला हवं. तारीख मात्र कुमुदिनी घेऊ देत नाही. "बघू" म्हणते आणि उठून जाते. मनात काहीतरी आहे. काय ते सांगत नाही, आणि या भिंतींत सांगणारही नाही. मी तिच्यासमोर जाऊन बसलो, हात धरला, तर बिचारी इतकी अवघडली की मीच उठलो.

म्हणून लिहितो. मी माझा शब्द मोडतो आहे. मागच्या पत्रात ट्रक रद्द करा म्हणालो, तोही मोडतो. मानसिंगरावांना हसायचं तेवढं हसू दे. गाडी मला परत द्या. आपल्याला तिच्यात वडील भेटतात, हे माहीत असून मागतो आहे. हात जोडून मागतो आहे. लवकर पाठवा.

जयसिंहराव


१९ मार्च २०२५

प्रिय श्रीपादराव,

ऑपरेशन येत्या सोमवारी ठरलं. आपण आणि पद्मावहिनी दोघंही या. इस्पितळात बाहेर बाकावर मला एकट्याला बसवणार नाही. आपण शेजारी असलात तर धीर येईल.

विहंग ट्रकबरोबर स्वतः आला. जावई म्हणून मी त्याच्याकडे आजवर नीट पाहिलंच नव्हतं. चांगला मुलगा आहे, आपल्यावर गेला आहे. आपण पत्र वाचल्याबरोबर चपला घालून ट्रकवाल्याकडे गेलात आणि गाडी चढवायच्या वेळी मात्र आत जाऊन दार लावून घेतलंत, हे त्यानं सांगितलं. सीटवरचं प्लॅस्टिक काढलंत, टाकी भरून पाठवलीत, पुढच्या काचेचा डावा कोपरा गळत होता तोही दुरुस्त करून घेतलात. जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते आपण तीन महिन्यांत केलंत.

काल चारच्या सुमाराला मी कुमुदिनीला म्हणालो, "तिघऱ्याला जाऊन येऊ?" ती आत गेली. साडी बदलून आली ती थेट गाडीत जाऊन बसली, मी किल्लीच शोधत होतो.

फुलबागेपर्यंत गप्प. पुढं गेल्यावर म्हणाली, "आपण अजूनही जोरातच चालवता." आणि मग जी सुरू झाली! तीन महिन्यांचं साठलं होतं. लग्नातल्या जिलब्या कच्च्या होत्या आणि मी आचाऱ्याची तारीफ केली. मानसिंगरावांच्या सूनबाई मुद्दाम तिला गाडीबद्दल विचारून गेल्या. मी घोरतो. गरिमाच्या खोलीत आता जाववत नाही, म्हणून तिथला केर ती विजयाबाईंच्या मोलकरणीकडून काढून घेते. मी "हं" म्हणत होतो. श्रीपादराव, मला इतकं बरं वाटत होतं की ती शिव्या देती तरी चाललं असतं.

धरणाचं पाणी दिसू लागलं तशी तिनं विषय बदलला. म्हणाली, "माझ्या आईला हेच झालं होतं. ऑपरेशनला नेली ती घरी आलीच नाही. मी दारात वाट बघत होते. आपल्याला हे कधी सांगितलं नाही. मला फार भीती वाटते हो."

मी गाडी कडेला घेतली आणि ब्रेक दाबला.

"थांबू नका," ती म्हणाली. "गाडी थांबली की मला बोलता येत नाही."

मी पुन्हा गियर टाकला. समोर बघतच म्हणालो, "मलाही भीती वाटते." असं मी आयुष्यात कुणाला म्हणालो नव्हतो. तिनं गियरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. गियर बदलताना दोघांचे हात एकदमच सरकत होते. व्याह्यांना लिहायची ही गोष्ट नव्हे, पण आता आपल्यापासून काय लपवायचं?

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "सोमवारची तारीख घ्या." मग पुढचं बोलू लागली. गरिमाला किती दिवस ठेवून घ्यायचं. मला वरण-भात तरी करता यायला हवा. आणि तिला काही झालंच तर तिच्या बांगड्या गरिमाला द्यायच्या, पण रडत रडत द्यायच्या नाहीत. मी सगळ्याला "हो" म्हणत होतो. रस्ता मला नीट दिसत नव्हता, तरी हळूहळू चालवत राहिलो.

आमची गल्ली आली. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं. मी वळलो नाही, तसाच सरळ कंपूच्या रस्त्याला लागलो.

आपला,
जयसिंहराव